पोथी, वाचनालय आणि बियाण्याची पिशवी

जालना सुटलं की परतूर येतं, मग सातोना, मग सेलू. सातोना हे एवढंसं स्टेशन. बऱ्याच गाड्या तिथं न थांबताच पुढं जातात. पण पुस्तकांच्या ओढीनं परभणीकडं निघालेल्या माणसानं तेवढा वेळ तरी खिडकीशी बसावं. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे मराठी वाचकांना ठाऊक असलेले बी. रघुनाथ, या सातोन्याचे. १५ ऑगस्ट १९१३ ला ते जन्मले तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका तिकडं गेला. परभणीकरांनी मात्र बी. रघुनाथांवरचा हक्क सोडला नाही आणि माझ्या मते ते योग्यच आहे. ज्या शहरानं त्यांचं नाव सभागृहाला दिलं, दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनाला महोत्सव भरवला, त्या शहराचाच तो लेखक.

या रुळांचाही पुस्तकांशी जवळचा संबंध आहे. मनमाडहून निजामाच्या हैदराबादकडं जाणारी ही मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली. त्याआधी पुण्या-मुंबईत छापलेलं मराठी पुस्तक गोदाकाठच्या गावात पोचायचं ते कुणाच्या तरी पडशीतून किंवा बैलगाडीतून. रेल्वे आली तशी टपाल आलं, वर्तमानपत्रं आली, मासिकांचे अंक आले. परभणीचं गणेश वाचनालयही विसाव्या शतकाच्या तोंडाशीच उभं राहिलं. आज ते मराठवाड्यातल्या जुन्या, शंभरी ओलांडलेल्या वाचनालयांपैकी एक आहे. गाडी आणि वाचनालय एकाच सुमारास यावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्या काळी इथं मराठी वाचनालय चालवणं म्हणजे काय होतं, हे आज नीट ध्यानात घेतलं पाहिजे. निजामी राज्यात कचेरी, कोर्ट, वरचं शिक्षण, सगळं उर्दूत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. बहुसंख्य लोक बोलायचे मराठी आणि अर्ज लिहून घ्यायचे उर्दूत. खासगी शाळा काढायची तर परवानगी, सभा भरवायची तर परवानगी. ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाचं नाव जुन्या माणसांच्या आठवणींत अजून निघतं. राजकीय बोलायला मुभा नव्हती, तेव्हा माणसं वाचनालयात, व्यायामशाळेत, गणेशोत्सवात आणि साहित्य संमेलनात जमत. वर्तमानपत्र एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दहा जणांनी ऐकायचं, हे तेव्हाचं वाचन. निजामी राज्यातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये भरलं ते परतूरला, याच रेल्वेमार्गावर. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्या लढ्याचा इतिहास सांगताना आपण मोर्चे, कॅम्प आणि सत्याग्रह सांगतो. वाचनालयाच्या सतरंजीवर बसून ऐकलेल्या बातम्याही त्यात धरल्या पाहिजेत.

बी. रघुनाथ या वातावरणात वाढले. शिक्षण हैदराबादला आणि पुढं पोटासाठी बांधकाम खात्यात कारकुनी. जवळ ना मोठा प्रकाशक, ना मोठं मासिक. पुस्तक छापायचं तर पुण्या-मुंबईकडं बघायचं. तशाही स्थितीत त्यांनी कविता लिहिली, कथा लिहिल्या, ‘आडगावचे चौधरी’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. निजामी अमलातलं गाव, तिथली वतनदारी, तिथल्या माणसाची घुसमट कादंबरीत आणणाऱ्या पहिल्या काही लेखकांत ते येतात. ७ सप्टेंबर १९५३ ला, नोकरीत असतानाच ते गेले. चाळिशी नुकतीच गाठली होती. त्यांच्या नावानं छत्रपती संभाजीनगरला पुरस्कार दिला जातो आणि परभणीत सप्टेंबरात व्याख्यानं, कविसंमेलन, नाटक असा महोत्सव होतो, त्यात गणेश वाचनालयाचाही हात असतो. एका लेखकाचं नाव इतकी वर्षं एखाद्या गावानं धरून ठेवावं, हे मराठीत फार ठिकाणी दिसत नाही.

परभणी शहरात उतरल्यावर सकाळी आठच्या सुमारास कुठल्याही वाचनालयात जाऊन बसावं. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी निवृत्त शिक्षक, निवृत्त पोस्टमास्तर, एखादा वकील. पेपर हातात घ्यायचे त्यांचे क्रमही ठरलेले असतात. पलीकडच्या खोलीत अभ्यासिका. तिथं स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत बसून असतात. पाण्याची बाटली, डबा, हायलायटर आणि जाडजूड गाइडं. या मुलांविषयी वाचनालयवाल्यांत दोन मतं आहेत. ‘ही काय वाचणारी लेकरं नव्हेत, ही खुर्चीसाठी येतात,’ असं काही जण स्पष्ट म्हणतात. मला हे मत पटत नाही. खेड्यातलं घर दोन खोल्यांचं, त्यात आठ माणसं. शांत खुर्ची हीच ज्याची पहिली गरज आहे, तो त्या खुर्चीसाठी का होईना, रोज पुस्तकांच्या कपाटांसमोर येऊन बसतो. त्याला त्या कपाटापर्यंत नेणं हे वाचनालयाचं काम. एका ठिकाणी मी पाहिलं, अभ्यासिकेच्या दारातच एका छोट्या स्टँडवर दहा-बारा पुस्तकं मांडून ठेवली होती, आत्मचरित्रं आणि कथासंग्रह. नोंद करायची, घेऊन जायचं. मुलं जेवणानंतर त्यातलं एखादं उचलत होती. असा स्टँड करायला सुताराची दोन दिवसांची मजुरी लागते.

या शहराचं वाचनाशी नातं केवळ जुन्या पुण्याईवर उभं नाही. १९९५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरलं आणि अध्यक्ष होते नारायण सुर्वे. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला कवी कापूस पिकवणाऱ्या मुलखात अध्यक्ष म्हणून आला, ही जोडी मला फार समर्पक वाटते. ‘पीकपाणी’पासून शेतकऱ्याच्या घरची कविता लिहिणारे इंद्रजित भालेराव यांनी परभणीत राहून, प्राध्यापकी करून आपलं लेखन केलं. सेलू तालुक्यातले आसाराम लोमटे परभणीत पत्रकारिता करतात. त्यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लिहिणारा माणूस आपल्याच गावच्या रस्त्यावर दिसतो, दुकानात भेटतो, शाळेत येऊन बोलतो, तेव्हा मुलांना पुस्तक परकं वाटत नाही. पुस्तक लिहिणारे सगळे पुण्यालाच असतात, हा समज इथल्या मुलांच्या मनात राहत नाही.

आता जरा वेगळ्या वाटेनं जाऊ. शहरालगत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. इथलं कृषी महाविद्यालय १९५६ चं, विद्यापीठ १८ मे १९७२ चं. ‘परभणी क्रांती’ भेंडी, ‘परभणी मोती’ ज्वारी ही वाणं इथली. विद्यापीठ वर्षातून दोन मोठे शेतकरी मेळावे घेतं. खरिपाचा मेळावा विद्यापीठाच्या स्थापनादिनी, १८ मेला, आणि रब्बीचा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला. साहित्यावर लिहिणारे सहसा तिकडं फिरकत नाहीत. मी मात्र म्हणेन, छापील पुस्तकाची खरी तहान बघायची असेल तर इथं या.

बियाणं विक्रीच्या रांगा सकाळीच लागलेल्या असतात. सोयाबीनचं वाण कोणतं, तुरीचं कोणतं, याच्या चर्चा. बियाण्याची पिशवी खांद्यावर आली की माणूस वळतो प्रकाशनांच्या टेबलाकडं. विद्यापीठाचं ‘शेतीभाती’ मासिक, कृषी दैनंदिनी, दिनदर्शिका, पीकवार घडीपत्रिका, रोगकिडीच्या पुस्तिका. माझ्यासमोर पासष्टीचे एक मामा उभे होते, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी कापसावरची पुस्तिका उचलली, मधलं पान उघडलं, डोळ्यांपासून हातभर लांब धरून बोंडअळीचं रंगीत चित्र बघितलं. मग टेबलामागच्या पोराला विचारलं, ‘ह्याच्यात फवारणीचं कोष्टक हाय का?’ पोरानं पान काढून दिलं. मामांनी ओळीवर बोट ठेवत ठेवत अर्धं पान तिथंच उभ्यानं वाचलं, मागच्या माणसानं ‘व्हा की पुढं’ म्हणेपर्यंत. पैसे दिले, पुस्तिका बंडीच्या आतल्या खिशात गेली. मोबाइल बाहेरच्या खिशात होता. मी विचारलं, ‘मामा, हे सगळं मोबाइलवरबी असतंय ना?’ ‘असतंय की. पर सापडत न्हाई. हे घरात खुंटीला राहतंय.’

वाचन म्हटलं की आपण कथा-कादंबरी धरतो आणि मग ‘लोक वाचत नाहीत’ असा निकाल देऊन मोकळे होतो. शेतकरी वाचतो. पदरचे पैसे घालून विकत घेऊन वाचतो. त्याला लागेल ते, समजेल त्या मराठीत आणि हातात येईल अशा जागी छापून ठेवलं पाहिजे एवढंच. ज्या घरात ती पुस्तिका खुंटीला लटकते, त्या घरातली नात उद्या तीच काढून चाळते. छापील अक्षर घरात असणं, ही वाचनाची सुरुवात आहे.

परभणीहून परळीकडं जाणारी गाडी पकडली की गंगाखेड. गोदावरीच्या काठचं हे गाव संत जनाबाईंचं जन्मस्थान. जात्यावर दळता दळता म्हटलेले तिचे अभंग शतकानुशतकं बायकांच्या ओठांवर राहिले. पुढं ते नामदेव गाथेबरोबर छापले गेले. गंगाखेडच्या घाटावर, मंदिराच्या वाटेवर हरिपाठ, गाथा, पोथ्या यांची दुकानं दिसतात. पण इथं मुद्दाम यायचं ते श्रावणात, पोथीसाठी.

या भागातल्या गावांत अजूनही श्रावणात पोथी लावतात. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘रामविजय’ १७०३ चा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा. तीनशे वर्षांपूर्वीची ही पुस्तकं मारुतीच्या देवळात रोज रात्री उघडली जातात. वाचक एक ओवी वाचतो, सूचक तिचा अर्थ सांगतो. समोर बसलेल्यांत निम्म्यांना अक्षरओळख बेताची असते, पण कर्णानं कवचकुंडलं दिली तिथं आज पोथी थांबली आहे, उद्या पुढचं, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी शेतात खुरपताना त्यावर बोलणं होतं. साहित्याच्या प्राध्यापकांना ज्या चर्चेची आस असते, ती इथं तुरीच्या रानात चालते.

मी ज्या गावात बसलो तिथं वाचक सत्तरीचे होते. त्यांच्या शेजारी नववीतली एक मुलगी बसली होती. आजोबांचा घसा बसला की ती पुढं वाचायची. तिचा आवाज खणखणीत, पण जोडाक्षरावर ती अडे. अडली की चार-पाच म्हातारे एकदम तो शब्द पुरवायचे, कारण पोथी त्यांना पाठ. पूर्वी वाचकाच्या जागी मुलगी बसत नसे. आता माणूस मिळत नाही म्हणून का होईना, ती बसते आहे आणि गाव ऐकतं आहे. मुलांच्या वाचनाविषयी बरीच शिबिरं होतात. जोडाक्षराला अडलेल्या मुलीला सगळं गाव मिळून शब्द देतं, असं शिबिर मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

जिंतूरकडं जाताना एका गावात ‘ड’ वर्गाचं वाचनालय पाहिलं. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड अशी वर्गवारी. ‘ड’ म्हणजे सगळ्यात धाकटं. ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली, चार लोखंडी कपाटं, एक बाक, पेपरांच्या काठ्या. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ‘ड’ वर्गाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झालं. त्यातला निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे त्या हिशेबानं वाचनालय सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, वीज, फर्निचर, झाडलोट. हे आकडे मी मुद्दाम देतो आहे. मुलं वाचत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी ते एकदा तरी वाचावेत. मोबाइल, टीव्ही यांच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. महिना दोन हजारांत आपण गावाचं वाचन सांभाळायला सांगत आलो, हे कबूल करणं अवघड जातं.

तरीही ते वाचनालय रोज संध्याकाळी उघडतं. ग्रंथपाल सर सकाळी शेतात असतात. मी गेलो तेव्हा ते बाकावर पसारा मांडून पुस्तकं दुरुस्त करत होते. ‘श्यामची आई’ची एक प्रत हातात होती. कणा सुटलेला, कोपरे बोटांनी काळे पडलेले, मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के एकावर एक. त्यांनी पानं सारखी करून ठोकली, सुईदोऱ्यानं जुजबंदी शिवण घातली, मग कण्याला कापडी पट्टी लावून खळ भरली. खळीचा रंग किंचित निळसर होता. ‘मोरचूद घातलंय,’ ते म्हणाले. ‘नुस्ती मैद्याची खळ कसरीला आवडती.’ कपाटात पुस्तकांच्या मागं कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबराच्या गोळ्या. परभणीचा उन्हाळा कागदाला कडक करून सोडतो, पान दुमडलं की तुटतं. स्वस्त कागदावरची पुस्तकं इथं फार टिकत नाहीत, म्हणून सर नवीन पुस्तक आलं की वाचकाला द्यायच्या आधीच त्याला पुठ्ठा घालतात.

मी विचारलं, सगळ्यात जास्त काय जातं? त्यांनी देवघेवीचं रजिस्टरच पुढं केलं. बायकांच्या नावांपुढं कादंबऱ्या आणि पाककृती, तरुणांपुढं शिवचरित्रं, बाबासाहेबांवरची पुस्तकं. मुलांच्या नावांपुढं तीच पाच-सात पुस्तकं पुन्हा पुन्हा. ‘लेकरांची पुस्तकं कमी पडायलेत, सर. तीच फिरायलेत,’ ते म्हणाले. शाळा पलीकडंच आहे. तिथल्या एका बाईंनी दर शनिवारी चौथीचा वर्ग वाचनालयात आणायला सुरुवात केली आणि कपाटातलं बालसाहित्य दोन महिन्यांत वाचून संपलं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या नावानं पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. वाचक जमवायचे, पेटी ठेवायची, वाचून झाली की दुसरीशी बदलायची. तालुक्यातल्या चार-पाच ‘ड’ वाचनालयांनी आपसांत मुलांच्या पुस्तकांची अशी पेटी फिरवली, तर वेगळं अनुदान न लागता प्रत्येक गावाला दर दोन महिन्यांनी नवं कपाट मिळेल. सरांना हे पटलं. शेजारच्या गावच्या ग्रंथपालांचा फोन त्यांनी तिथंच लावला.

रजिस्टरात बाबासाहेबांची पुस्तकं इतकी दिसली त्यामागं आणखी एक वाट आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला मुंबईची चैत्यभूमी, दोन्हीकडं या जिल्ह्यातून माणसं जातात आणि येताना पुस्तकं घेऊन येतात. त्या दोन ठिकाणी जेवढी मराठी पुस्तकं रस्त्यावर मांडून विकली जातात, तेवढी क्वचितच कुठल्या मॉलमध्ये विकली जात असतील. दिवसभराच्या मजुरीतून बाजूला काढलेल्या पैशांची ही खरेदी आहे. वस्तीत एकानं आणलेलं पुस्तक मग चार घरांत फिरतं, आणि त्यातलं एखादं या वाचनालयाच्या कपाटात येऊन बसतं.

जायचं असेल तर सप्टेंबर चांगला. ७ तारखेच्या सुमारास परभणीत बी. रघुनाथ महोत्सव, १७ ला विद्यापीठात रब्बी मेळावा. मधल्या दिवसांत गंगाखेड, सेलू, जिंतूरकडची गावं होतात आणि पाऊस बरा असेल तर येलदरीचं धरणही भरलेलं दिसतं. पोथी ऐकायची असेल तर मात्र श्रावण गाठावा. वाचनालयं बहुतेक सकाळी आणि संध्याकाळी उघडी, दुपारी बंद. आणि रिकाम्या हातानं जाऊ नये. देणगीची पुस्तकं घेतात, पण जुनी पाठ्यपुस्तकं, फाटके दिवाळी अंक, कुणाच्या तरी षष्ट्यब्दीचे गौरवग्रंथ नेऊ नयेत. त्यांनी कपाटं आधीच भरलेली आहेत. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीची, मोठ्या टायपातली, चित्रांची पुस्तकं न्यावीत. शेतीवरची नवी पुस्तकं न्यावीत. आणि शक्य असेल तर बाइंडिंगचा जाड दोरा आणि कापडी पट्टीचं एक रीळ. तालुक्याच्या दुकानात ते मिळत नाही, सरांना परभणीहून मागवावं लागतं.